वाचनाचे व्रत: नित्य की काम्य?

नव्या वर्षाच्या आरंभी अमुक इतके ग्रंथ वाचीन, आणि तेही मनास येतील ते नव्हेत तर आधी मुक्रर केलेल्या विषयसूचीबरहुकूम वाचीन, अशी प्रतिज्ञा चारचौघांत करावयाची आणि वर्षअखेर तिचा हिशेब रुजू करावयाचा, ही चाल गेल्या दीड दशकात इंग्रजी वाचणाऱ्या जगात रूढ झाली आणि तेथून ती आपल्याकडील वाचकांतही आली. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळाने २०११ साली वर्षाचा आकडा जाहीर करण्याची सोय वाचकांना करून दिली. बुक रायट या अमेरिकी संकेतस्थळाने २०१५ साली चोवीस कलमांची आपली पहिली यादी काढली, आणि तीत पंचविशीच्या आतील लेखकाचे एक, पासष्टी ओलांडलेल्या लेखकाचे एक, आफ्रिकेतील लेखकाचे एक, परभाषेतून आलेले एक, १८५० पूर्वी प्रसिद्ध झालेले एक, अशी वाटणी घालून दिली. या चालीकडे पाहून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. वाचन ही एकांतातली आणि स्वच्छंद गोष्ट. तिला मुदत आणि यादी लावणे म्हणजे तिचा प्राणच हिरावून घेणे, असे त्यांचे म्हणणे. मला हा आक्षेप वरवरचा वाटतो, कारण ज्या ज्या समाजांनी ग्रंथाला पूज्य मानले त्यांनी त्यांनी वाचनाला नेम, मुदत आणि वाटणी लावलेली आढळते, आणि त्या नेमामुळेच ते ग्रंथ आपल्या हाती जिवंत आलेले आहेत.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात अशी आज्ञा आहे, की ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक बंधूला एकेक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो पहिल्या पानापासून अखेरपर्यंत क्रमाने वाचावा. वाचनाच्या वेळी कोणी आळसात वा गप्पांत वेळ दवडीत नाही ना, हे पाहत फिरण्यासाठी एकदोन वडीलधारे नेमावेत, अशीही तजवीज तेथे केलेली आहे. व्हिएन्ना येथे १९२३ साली भरलेल्या परिषदेत रब्बी मेईर शपीरो यांनी जगभरच्या यहुदी लोकांनी तालमूदचे दररोज एक पान, आणि सर्वांनी त्या दिवशी तेच पान, वाचावे अशी योजना मांडली. २७११ पानांचे हे आवर्तन सुमारे साडेसात वर्षांत पुरे होते आणि पुरे होताच पुन्हा आरंभापासून सुरू होते. आपल्याकडे आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचे दिवस पोथ्यांचे. नाझरेकर श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ चातुर्मासात लावावयाचे, श्रावणात ‘शिवलीलामृत’, कोठे ‘एकनाथी भागवत’, कोठे गुरुचरित्राचा सप्ताह. वीस दशकांच्या आणि दोनशे समासांच्या ‘दासबोधा’ची तर बांधणीच रोजच्या नेमाला सोयीची. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा वडील बायका शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवून तिच्याकडून पोथी वाचून घेत, आणि त्या मुलीला न कळत चार महिन्यांत चौदा किंवा छत्तीस अध्याय तिच्या कानात कायमचे राहून जात.

तेव्हा वाचनाला नेम असावा की नसावा, हा वादाचा मुद्दाच नव्हे. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे आणि तो धर्मविचाराचा आहे: ही वार्षिक प्रतिज्ञा कोणत्या जातीचे कर्म आहे? वैदिक कर्मांचा विचार करणाऱ्या मीमांसकांनी विहित कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले. पाऊस हवा असेल त्याने कारीरी इष्टी करावी, हे काम्य कर्म. ग्रहण लागले असता स्नान करावे, हे नैमित्तिक. आणि ज्याला कोणतेही निमित्त नाही, ज्यापासून कोणतीही विशेष प्राप्ती सांगितलेली नाही, जे मनुष्य जिवंत आहे एवढ्याच कारणाने त्याला करावे लागते, ते नित्य. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की कर्माचे बाह्य रूप एकच असूनही त्याची जात निराळी असू शकते. अग्निहोत्र यावज्जीव करावे असेही विधान आहे आणि स्वर्गाची इच्छा असेल त्याने ते करावे असेही आहे. दूध तेच, अग्नी तोच, मंत्र तेच, आणि तरीही मीमांसकांच्या लेखी एक प्रयोग नित्य व दुसरा काम्य. माझे म्हणणे असे, की आजचा वाचक आपले वर्षाचे व्रत काम्य म्हणून धरतो आणि म्हणूनच ते त्याला जाचते. तेच व्रत, त्याच यादीसह आणि त्याच मुदतीसह, नित्य म्हणून धरता येते, आणि तसे धरले म्हणजे त्यातील बहुतेक अडचणी आपोआप सुटतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात संकल्पाचा संन्यास केल्यावाचून कोणी योगी होत नाही असे सांगितले आहे, आणि ते वचन अशा प्रत्येक प्रतिज्ञेच्या विरुद्ध उभे केले जाते. परंतु तेथे त्याज्य ठरविलेला संकल्प फलाविषयीचा आहे असा खुलासा शंकराचार्यांनी भाष्यात केलेला आहे. प्रतिज्ञा करण्याला गीतेचा विरोध नाही.

वाचन नित्य कशाच्या आधारावर म्हणावे? जुन्या धर्मविचारात मनुष्य जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे सांगितले आहे: देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे. यांपैकी ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते. ही कल्पना मला आपल्या संस्कृतीतील अत्यंत उदात्त कल्पनांपैकी एक वाटते, कारण तिने वाचनाची दिशाच उलटी केली. सामान्य समजूत अशी, की आपण वाचतो ते काही मिळविण्यासाठी: ज्ञान, रंजन, बहुश्रुतपणाची प्रतिष्ठा, निदान झोप येईपर्यंतचा विरंगुळा. ऋणाची भूमिका सांगते, की मिळणे आधीच झालेले आहे. जी भाषा तू बोलतोस, ज्या शब्दांत तू दुःख करतोस आणि प्रार्थना करतोस, ती तुझ्या आधीच्यांनी घडवून तुझ्या खात्यावर जमा केलेली आहे, आणि आता वाचणे ही तुझ्याकडून होणारी फेड आहे. ज्याने लिहिले तो गेला. त्याला परत देण्यासारखे आपल्याजवळ लक्ष याखेरीज दुसरे काहीही नाही.

या फेडीसाठी पंचमहायज्ञांत ब्रह्मयज्ञ, म्हणजे रोजचे वेदपठण, सांगितला, आणि त्याचा तपशील तैत्तिरीय आरण्यकाच्या दुसऱ्या प्रपाठकात आला आहे तो वार्षिक याद्या करणाऱ्या प्रत्येकाने पाहण्यासारखा आहे. तेथे ऋचा, यजुस् व सामे तर आहेतच. पण त्यांच्यापाठोपाठ ब्राह्मणे, इतिहास, पुराणे, कल्प, गाथा आणि नाराशंसी, म्हणजे माणसांची स्तुती करणारी गीते, हीही सांगितली आहेत. शतपथ ब्राह्मणातील याच प्रकरणात वाकोवाक्य, म्हणजे प्रश्नोत्तरांचे वाङ्मय, तेही घातले आहे. देवस्तुतीपासून मनुष्यस्तुतीपर्यंत आणि कर्मकांडापासून वादविवादापर्यंत जो जो वाङ्मयप्रकार त्या समाजाला ज्ञात होता तो तो त्या यादीत आहे. म्हणून कथाकादंबऱ्यांना ऋषिऋणाचा दाखला कसा लागू पडेल, ही शंका मला फारशी अडवीत नाही. आणि मर्यादा किती ठेवली? आरण्यक सांगते, की एकच ऋचा म्हटली, एकच यजुस् म्हटले, तरी तो ब्रह्मयज्ञ सिद्ध होतो. गावात मनातल्या मनात म्हणावे, उभ्याने म्हणावे, बसून म्हणावे, आडवे पडूनही म्हणावे. ज्यांनी वाचनाला आयुष्यभराचे कर्तव्य केले त्यांनीच त्याचे परिमाण इतके लहान ठेवले, याचे मर्म आकड्यांच्या मागे लागलेल्या आपल्या काळाने शांतपणे समजून घेतले पाहिजे.

अर्थात या वैभवशाली विचारात एक फार मोठा अन्याय होता, आणि तो न सांगता पुढे जाणे मला जमणार नाही. ऋण सर्वांच्या माथी होते. फेड करण्याची परवानगी मात्र थोड्यांनाच होती. स्त्रिया आणि शूद्र यांना त्या वाचनाचे दार बंद होते. वेद संपन्न खरा, पण तिघा वर्णांच्याच कानी लागणारा म्हणून कृपण, असा स्पष्ट ठपका ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायात ठेवला, आणि शके १२१२ मध्ये नेवाशास गीतेचा अर्थ मराठीत सांगून ते दार त्यांनी आपल्यापुरते उघडले. माजघरात बसून पोथी ऐकणारी बाई ही त्या अर्थाने ब्रह्मयज्ञाची खरी वारसदार होती. आजचे वाचनव्रत तर जात, लिंग, देश यांपैकी कशाचीही अट घालीत नाही. ही त्याची सर्वांत मोठी पुण्याई आहे आणि ती जुन्या शास्त्रापाशी नव्हती.

आता विषयसूचीविषयी. ज्यांना आकडा एक वेळ चालतो त्यांनाही यादी खुपते, कारण काय वाचावे हे दुसऱ्याने सांगणे त्यांना परवश वाटते. मला या सबंध चालीत यादी हीच सर्वाधिक धार्मिक गोष्ट वाटते. आवडीने वाचणारा मनुष्य वर्षानुवर्षे आपल्यासारख्याच माणसांची पुस्तके वाचीत राहतो आणि प्रत्येक पुस्तकात स्वतःचीच भेट घेतो. त्याला रसिकता म्हणता येईल, ऋणमोचन म्हणता येणार नाही, कारण सावकार ऋणकोच्या पसंतीने ठरत नसतो. लंडनच्या अॅन मॉर्गन यांनी २०१२ साली जगातील प्रत्येक देशाचे एकेक पुस्तक वर्षभरात वाचावयाचे ठरविले; यादीत १९६ देश होते. साओ तोमे आणि प्रिन्सिपे या आफ्रिकी बेटांवरील देशाचे इंग्रजीत आलेले पुस्तक त्यांना मिळेना, तेव्हा काही स्वयंसेवकांनी एक पोर्तुगीज पुस्तक केवळ त्यांच्यासाठी वाटून घेऊन भाषांतरित केले. आवड हा एकच निकष ठेवला असता तर त्या पुस्तकाची गरजच कोणाला भासली नसती. यादीने जागा मोकळी ठेवली होती म्हणून ती रिकामी आहे हे दिसले, आणि ती भरण्यासाठी अनोळखी माणसे पुढे आली.

मराठी वाचकाने अशीच सूची स्वतःपुरती केली, तर आपल्या भाषेतच किती सावकार अद्याप दाराशी तिष्ठत आहेत हे त्याच्या ध्यानी येईल. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ महानुभावांच्या मठांतून सांकेतिक लिपीत शतकानुशतके राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडेपर्यंत मराठी गद्याचा हा आद्य ठेवा इतर मराठी माणसांना वाचताच येत नव्हता; आज तो वाचता येतो, तेव्हा आता न वाचण्याला सबब उरलेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ, त्यातील छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा आणि कथा बेथलेहेमच्या बालकाची. पंढरीच्या वारकऱ्याने तो कधी चातुर्मासात लावल्याचे, किंवा वसईच्या ख्रिस्ती घराने नेमाने ‘एकनाथी भागवत’ वाचल्याचे, माझ्या ऐकिवात नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. दोन्ही घरे एकाच ओवीवर वाढलेली आहेत. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले; ज्या वाड्यांतून पोथ्या वाचल्या गेल्या त्यांच्याच गावकुसाबाहेरचे जगणे त्यांत आहे. हे वाचन सुखद नाही. ज्याला पोथीच्या नेमाचे पुण्य हवे आहे त्याने या पुस्तकांना आपल्या सूचीत आधी जागा द्यावी, असे माझे स्वच्छ मत आहे. ऋषिऋण हे केवळ गोड शब्द देणाऱ्यांचेच असते असे कोठेही म्हटलेले नाही.

मोजणीचे काय? मोजणे हे क्षुद्र मनाचे लक्षण, असे समजण्याचे कारण नाही. आपली परंपरा मोजणाऱ्यांची परंपरा आहे. ऋग्वेदाची दहा मंडले, वालखिल्यांसह १०२८ सूक्ते. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत प्रत्येक सूक्तातील ऋचांची संख्या, त्याचा ऋषी, देवता आणि छंद यांची नोंद आहे, आणि पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा उलटसुलट आवर्तनांनी एक अक्षर इकडचे तिकडे होऊ नये अशी व्यवस्था पाठकांनी केली. परंतु ती मोजणी ग्रंथाची होती. त्यातून काही गळू नये, त्यात काही घुसू नये, म्हणून ती होती. मोजणारा पुरुष त्या हिशेबात कोठेच नव्हता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’च्या पाठात शिरलेले दोष काढून शुद्ध प्रत सिद्ध केली, तीही अशाच मोजणाऱ्या डोळ्यांनी, ओवीगणिक थांबून. तीनशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथकाराचे ऋण एका वाचकाने किती परीने फेडावे याचा तो कळस आहे. आज आकडा वाचकाचा असतो: मी बावन्न वाचली, त्याने शंभर वाचली. मोजणीचा विषय ग्रंथावरून वाचकावर सरकला की कर्म काम्य झाले, आणि मग लहान पुस्तके शोधणे, पाने उडविणे, कठीण ग्रंथ पुढील सालावर ढकलणे हे सारे ओघाने येते. यावर उपाय मोजणी टाकून देणे हा नव्हे. वहीत पुस्तकाच्या नावापुढे त्याने काय सांगितले याच्या दोन ओळी लिहिल्या, तरी मोजणी पुन्हा ग्रंथाकडे वळते.

मात्र सर्वांत खोल अडचण याहून निराळी आहे, आणि ती शबरस्वामींनी मीमांसासूत्रांवरील भाष्याच्या अगदी आरंभी पाहिली. सूत्रकार जैमिनी म्हणतो, आता धर्माचा विचार करावयाचा. भाष्यात पूर्वपक्षी विचारतो: हा विचार केव्हा करावयाचा? वेद शिकून झाल्यावर स्नान करावे, म्हणजे गुरुगृहातून मुक्त व्हावे, असे शास्त्रवचन आहे. पाठ पुरा झाला. आता शिष्याने स्नान करून घरी जावे. अर्थाचा विचार करीत तो तेथेच थांबला, तर त्या वचनाचे उल्लंघन होईल. याला शबरस्वामींनी दिलेले उत्तर वाचताना मी दर वेळी थक्क होतो. वेदाला सर्वोच्च प्रमाण मानणारा हा भाष्यकार म्हणतो, की आम्ही त्या वचनाचे उल्लंघन करू. कारण उल्लंघन न करू तर अर्थपूर्ण असलेला वेद आम्ही अर्थशून्य करून टाकल्यासारखे होईल. पुढे त्या वचनाचा अर्थ लावून विरोधाचा परिहारही ते करतात, पण पहिला उद्गार तो. ग्रंथ संपणे आणि ग्रंथ कळणे यांच्यामध्ये जी जागा आहे, तिच्यात थांबण्यासाठी त्यांनी नियम मोडण्याची तयारी दाखविली.

वार्षिक व्रताच्या वाचकापुढे हा प्रसंग दर पंधरवड्याला येतो. पुस्तक मिटले, नोंद झाली, आता पुढचे, स्नान उरकले. वास्तविक जे पुस्तक खरोखर आपल्यात शिरले ते मिटल्यावर लगेच दुसरे उघडता येत नाही. काही दिवस त्याच वाक्यांशी मन झोंबत राहते, मागे जाऊन एखादे प्रकरण पुन्हा पाहावेसे वाटते, आणि यादीचा तगादा त्या वेळी चुकीचा असतो. अशा वेळी यादी मोडावी, असे मी शबरस्वामींच्या आधारे म्हणतो. आणि यादीचा मान राखूनच म्हणतो: ज्याने यादी कधी केलीच नाही त्याला ती मोडण्याचा अधिकार नाही, आणि अर्थासाठी मोडलेला नेम व कंटाळ्याने मोडलेला नेम यांतील भेद करणाऱ्याला स्वतःला पक्का ठाऊक असतो. जुन्या अध्ययनक्रमात यासाठीच अनध्यायाचे दिवस असत. श्रावणात उपाकर्म होऊन वेदाध्ययनाचे सत्र सुरू होई आणि काही महिन्यांनी उत्सर्जनाने ते थांबे. मध्ये अष्टमी-चतुर्दशीस, मेघगर्जना झाली असता, घरी अतिथी आला असता पाठ बंद. रोजच्या ब्रह्मयज्ञाला मात्र अनध्याय नाही असे मनूने सांगितले. शिकण्याला खंड हवा आणि स्मरणाला खंड नको, इतका सूक्ष्म विवेक त्या व्यवस्थेत होता. अतिथी आला म्हणून पुस्तक बाजूस ठेवले, याने वर्षाच्या व्रताला बाध येतो असे ज्याला वाटते, त्याने तो ग्रंथ कशासाठी हाती घेतला होता हे तपासून पाहावे.

राहता राहिला डिसेंबर. चोवीस कलमांपैकी तेरा झाली, अकरा राहिली, मुदत संपली. या बाकीचे काय करावयाचे? मीमांसादर्शनाच्या सहाव्या अध्यायात याला लागू पडणारा निर्णय आहे. काम्य कर्म सर्व अंगांसह पार पडले तरच फल देते; एक अंग राहिले तर कर्म व्यर्थ. शिवाय ते एकदा आरंभिले की फलाची इच्छा मध्येच नाहीशी झाली तरी तडीस न्यावे लागते, नाही तर शिष्ट लोक निंदा करतात. नित्य कर्माची गोष्ट वेगळी. ते यावज्जीव करावयाचे असल्यामुळे सर्व अंगे सर्वकाळ जमणे मनुष्याला शक्य नाही, हे शास्त्रानेच ओळखले, आणि प्रधान कर्म करून अंगे यथाशक्ति केली तरी नित्य कर्म सिद्ध होते असे ठरविले. तेव्हा तेवीस कलमे पुरी करून चोविसाव्यासाठी हळहळणारा वाचक, काम्य व्रताच्या नियमाने, रिक्तहस्त राहतो. आणि ज्याने बारा महिन्यांत ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या भागातले पाचच अवस्वर, म्हणजे अध्याय, वाचले, पण रोज वाचले, ओव्यांचा अर्थ लावीत वाचले, आणि परक्या वाटणाऱ्या त्या कथेला आपल्या घरात बसावयास जागा दिली, त्याच्या बाजूला बाकी निघत नाही. १ जानेवारीस त्याने नवी यादी मांडावी किंवा न मांडावी; सहाव्या अवस्वरापासून वाचन पुढे चालू करण्यास त्याला शास्त्राची कोणतीही हरकत नाही.